लोकरीचं थर्मल धुवायचं कसं आणि वाळवायचं कसं: पहिल्यांदाच घेतलंय त्यांच्यासाठी

लोकरीचं थर्मल घेतलं की ते घालायचं कसं हे कोणाला सांगावं लागत नाही, पण पहिल्यांदा धुवायची वेळ आली की सगळे प्रश्न एकदम सुरू होतात. मशीनमध्ये टाकू का, नेहमीची पावडर चालेल का, पिळलं तर काय होईल, उन्हात घालू का. आणि हे प्रश्न पडायलाच हवेत, कारण चांगलं मेरिनो (म्हणजे बारीक लोकर देणाऱ्या मेंढीच्या जातीचं) थर्मल घालून घालून विरण्याआधी बरेचदा एखाद्या चुकीच्या धुण्यातच कामातून जातं, मोठ्या माणसाचा टीशर्ट लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो आणि मग तो कशानेच परत मोठा होत नाही. तसं बघितलं तर लोकर धुणं अजिबात अवघड नाही. फक्त सुती कपडे धुताना हाताला ज्या सवयी लागलेल्या असतात, म्हणजे चोळणं, घासणं, पिळणं, झटकून दोरीवर टांगणं, त्या सगळ्या इथे बाजूला ठेवायच्या. माझं सगळं सांगणं एका वाक्यात बसतं: लोकर कमी वेळा धुवा, आणि धुवाल तेव्हा काम पाण्याला करू द्या, हातांना नको.

आधी दोन मिनिटं लोकर का आटते ते बघू

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या अर्ध्या सूचना तुमच्या तुम्हालाच सुचतील.

लोकर म्हणजे मेंढीचे केस, आणि केसासारखीच ती केराटिन नावाच्या प्रोटीनची बनलेली असते. थर्मलसाठी वापरतात ती मेरिनो लोकर फार बारीक, तिचा तंतू साधारण १७ ते १९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड भरतो, म्हणूनच ती अंगाला टोचत नाही. या प्रत्येक तंतूवर बारीक बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. कोरडं असताना हे खवले तंतूला चिकटून असतात. पाण्यात ते थोडे उघडतात, पाणी गरम असेल किंवा साबण जहाल असेल तर अजून उघडतात. आता अशा अवस्थेत कापड चोळलं की काय होतं, तंतू एका दिशेला सहज सरकतात पण उलट्या दिशेला यायला बघतात तेव्हा खवले एकमेकांत अडकतात. प्रत्येक रगडण्याबरोबर तंतू थोडे पुढे सरकतात, मागे येत नाहीत, आणि कापड घट्ट, जाड, आखूड होत जातं. नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, याच पद्धतीने बनवतात, तिथे ते मुद्दाम करतात, आपल्याला तेच टाळायचंय.

म्हणजे लोकर आटायला पाणी, उष्णता, साबणाचा जहालपणा आणि हालचाल अशा चार गोष्टी लागतात आणि त्यात सगळ्यात घातक हालचाल. थंड पाण्यात नुसतं शांत पडून राहिलेलं थर्मल काही असं गुंतून बसत नाही. तेच थर्मल कढत पाण्यात जीन्सबरोबर गरागरा फिरलं की संपलं.

काही जण म्हणतील की आमच्या थर्मलवर तर मशीन वॉश चालेल असं लिहिलंय. बरोबर आहे, आजकालच्या बऱ्याच लोकरीवर एक प्रक्रिया केलेली असते, तिला सुपरवॉश म्हणतात, नेहमीच्या पद्धतीत क्लोरीनने खवल्यांची टोकं बोथट करतात आणि वरून पॉलिमरचा अगदी पातळ थर देतात त्यामुळे तंतू एकमेकांत अडकत नाहीत. असं थर्मल मशीनमध्ये बरंच काही सहन करतं, पण ते आतून लोकरच आहे, ब्लीच, जहाल पावडर आणि कडक उष्णता यांचा त्रास त्यालाही होतोच.

पायरी १: खरंच धुवायची गरज आहे का ते ठरवा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. सुती बनियन एका दिवसात वास मारतं, पॉलिस्टरचा टीशर्ट तर एका व्यायामात, म्हणून आपल्याला सवय झालेली असते की अंगातून काढलं की धुवायला. लोकरीचं तसं नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओलावा वाफेच्या रूपात आत शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, घामातले वास आणणारे घटकही ती आत धरून ठेवते, पटकन बाहेर सोडत नाही. त्यामुळे नुसतं चालणं-फिरणं झालं असेल तर तेच थर्मल तीन-चार दिवस, कधी त्याहून जास्तही, आरामात चालतं.

मग करायचं काय, तर काढल्या काढल्या गोळा करून बॅगेत कोंबायचं नाही. उलटं करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, खेळत्या हवेत सावलीत रात्रभर पसरून ठेवा. सकाळी काखेजवळ नाक नेऊन वास घ्या. वास गेला असेल आणि डाग नसेल तर घाला परत. वास तसाच असेल, कापड काखेत किंवा मानेजवळ चिकट-ताठ लागत असेल, मीठाचे पांढरे पट्टे दिसत असतील, तर मात्र धुवा. आळस म्हणून आठवडेच्या आठवडे टाळत बसणं पण चुकीचंच, कारण घाम आणि त्वचेचं तेल कापडात मुरलं की ते नंतर निघायला जास्त चोळावं लागतं आणि तेच तर आपल्याला नकोय. शिवाय मळक्या लोकरीला कसर लवकर लागते.

पायरी २: लेबल वाचा

आतल्या शिवणीला जे छोटं लेबल असतं ते टोचतं म्हणून कापून टाकायच्या आधी निदान त्याचा फोटो काढून ठेवा. पाण्याच्या टबाचं चित्र म्हणजे धुवायची सूचना, त्यात ३० लिहिलं असेल तर जास्तीत जास्त ३० अंश सेल्सियस. टबाखाली एक रेघ म्हणजे हलक्या सायकलवर, दोन रेघा म्हणजे एकदम हलक्या, लोकरीच्या कपड्यांवर बहुतेक दोन रेघाच असतात. टबात हात दिसला तर फक्त हाताने. टबावर फुली असेल तर पाण्यात घालायचंच नाही, थर्मलवर हे सहसा येत नाही. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनात गोल आणि त्यावर फुली म्हणजे ड्रायर नको, आणि चौकोनात मधोमध एक आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा.

लेबलवर कापड कशाचं आहे तेही बघा. शंभर टक्के मेरिनो आहे का त्यात नायलॉन, इलास्टेन (ताणला जाणारा धागा), पॉलिस्टर मिसळलंय. मिसळलेलं कापड थोडं मजबूत असतं आणि लवकर वाळतं पण इलास्टेनला उष्णता सोसत नाही, ते सैल पडतं, त्यामुळे मिसळलेलं आहे म्हणून गरम पाणी चालेल असा हिशोब करू नका. जाडीही लक्षात असू द्या. १५० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) थर्मल म्हणजे एकदम पातळ, २०० मधलं, २५० जाड. पातळ लवकर वाळतं पण भोकं लवकर पडतात, जाड दणकट असतं पण पाणी इतकं पितं की ओलं असताना उचलायलाही जपावं लागतं.

पायरी ३: साबण

इथे कंजुषी आणि घाई दोन्ही नको.

कपडे धुवायची नेहमीची पावडर पाण्यात टाकली की पाणी अल्कधर्मी होतं, पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ म्हणजे मधोमध) साधारण ९ ते ११ च्या घरात जातो, सुती कपड्यांना ते चालतं कारण सूत म्हणजे सेल्युलोज. लोकर प्रोटीन आहे, तिला अल्कली सोसत नाही, खवले उघडतात, तंतू खरखरीत आणि कमजोर होतो. दुसरी गोष्ट म्हणजे एन्झाइम. बऱ्याच पावडरी आणि लिक्विडमध्ये डाग काढायला प्रोटिएज नावाचं एन्झाइम घातलेलं असतं, त्याचं कामच प्रोटीन तोडणं, अंड्याचा-दुधाचा डाग काय आणि लोकर काय, त्याला दोन्ही सारखंच. एका धुण्यात कदाचित काही दिसणार नाही, पण दर वेळी वापरलंत तर कापड हळूहळू पातळ होत जाईल आणि एक दिवस कोपरात बोट आरपार जाईल.

म्हणून लोकर आणि रेशमासाठी असं स्पष्ट लिहिलेलं लिक्विड घ्या, पीएच न्यूट्रल असलेलं, एन्झाइम नसलेलं. बाटलीच्या मागे घटकांच्या यादीत प्रोटिएज किंवा एन्झाइम हा शब्द शोधा, दोन सेकंदांचं काम आहे. असं लिक्विड हाताशी नसेल आणि धुणं गरजेचं असेल तर केसांचा साधा सौम्य शाम्पू चालतो, कंडिशनर मिसळलेला नको. शेवटी लोकर म्हणजे केसच.

हे अजिबात वापरायचं नाही:

- क्लोरीनवालं ब्लीच. लोकर आधी पिवळी पडते आणि मग अक्षरशः विरघळते.
- ऑक्सिजनवाल्या डाग काढायच्या पावडरी. क्लोरीन नाही म्हणून लोक वापरतात, पण त्या पाण्यात चांगल्याच अल्कधर्मी होतात.
- फॅब्रिक सॉफ्टनर. हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं कारण बाटलीवर मऊपणाच लिहिलेला असतो, पण तो तंतूवर थर चढवून ठेवतो आणि घाम शोषून बाहेर टाकायचा जो गुण आपण थर्मलमध्ये बघतो त्यालाच झाकून टाकतो.

प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, तेच पाळा. हाताने एक थर्मल धुताना पाच-सहा लिटर पाण्याला एक लहान चमचा म्हणजे ५ मिलीच्या आसपास लिक्विड पुरतं. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असं नसतं, जास्त साबण म्हणजे जास्त वेळा विसळणं, आणि प्रत्येक विसळणं म्हणजे ओल्या कापडाची अजून एक हाताळणी.

पायरी ४: पाण्यात घालायच्या आधी

उजेडासमोर धरून भोकं आहेत का बघा. छोटंसं भोक असेल तर आधी बारीक धाग्याने रफू करा आणि मगच धुवा, कारण विणलेलं कापड आहे, ओल्यात ताण आला की टाका सुटत जातो आणि राईएवढ्या भोकाचं रुपयाएवढं होतं. चेन असेल तर गळ्यापर्यंत लावून घ्या, तिचे दात शेजारच्या कापडाला ओरबाडतात. मग उलटं करा. घाम आणि त्वचेचं तेल आतल्या बाजूला असतं, ती बाजू पाण्याला थेट मिळाली पाहिजे, आणि घासून जे काही गोळे यायचेत ते आतल्या बाजूला आलेले बरे.

डाग असेल तर तो आधीच बघा. चिखल लागला असेल तर ओल्यात हात लावू नका, पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने झाडा, बहुतेक तिथेच निघतो. रक्ताचा डाग फक्त थंड पाण्याने, गरम पाण्याने तो पक्का बसतो. कॉलरवर सनस्क्रीन किंवा तेलाचा डाग असेल तर त्यावर लोकरीच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बोटाच्या टोकाने नुसतं दाबत राहा, गोल गोल घासू नका, पाच मिनिटं ठेवा. काखेत डिओडरंटचा ताठ थर बसलेला असतो, तिथे एक लिटर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर मिसळून तेवढा भाग थोडा वेळ भिजवला की तो बऱ्यापैकी सुटतो. लोकरीला सौम्य आम्ल चालतं, अल्कली चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पायरी ५: हाताने धुणं

पहिल्यांदाच धुताय तर मी हेच सांगेन, निदान पहिल्या वेळी हाताने धुवा, कापड कसं वागतं ते हाताला कळतं.

स्वच्छ बादली किंवा टब घ्या. बादलीत आधीच्या धुण्याची पावडर तळाला चिकटलेली नाही ना ते बघून घ्या. पाणी थंड किंवा अगदी कोमट, ३० अंशांच्या आत. थर्मामीटर नसेल तर मनगटाची आतली बाजू पाण्यात बुडवा, पाणी ना गार ना गरम असं लागलं पाहिजे, ऊब जाणवली तर जास्त आहे, थोडं गार पाणी घाला. लिक्विड आधी टाका, हाताने ढवळून पूर्ण मिसळू द्या, मग थर्मल घाला. कापडावर थेट लिक्विड ओतू नका.

थर्मल पाण्यावर ठेवलं की ते लगेच बुडत नाही हे तुमच्या लक्षात येईल. तरंगतं, मधे हवेचा फुगा धरून राहतं. तंतूचा वरचा थर पाण्याला सहजासहजी धरून घेत नाही म्हणून असं होतं. तळवे सपाट ठेवून हळूहळू खाली दाबा, बुडबुडे वर येतील, कापडाचा रंग गडद होत जाईल, आणि एका क्षणी ते जड होऊन खाली बसेल. मग ५ ते १० मिनिटं सोडून द्या. नंतर परत तळव्याने दाबा, सोडा, दाबा, सोडा, असं दोन-तीन मिनिटं. पाणी फिकट चहासारखं झालेलं दिसेल, हा सगळा घाम आणि मळ न चोळताच निघालेला असतो. गडद रंगाचं नवीन थर्मल असेल तर थोडा रंगही सुटतो, घाबरू नका, फक्त पहिल्या एक-दोन वेळा वेगळं धुवा. तासन् तास भिजत मात्र ठेवू नका, त्याने स्वच्छता वाढत नाही आणि रंग उगाच उतरतो.

विसळताना सगळ्यात जास्त घोळ होतो. आपण काय करतो, कपडा खांद्याला धरून पाण्यातून वर खेचतो, खळबळतो, परत बुडवतो. ओली लोकर कोरड्या लोकरीपेक्षा कमजोर असते आणि त्यात पाण्याचं वजन, त्यामुळे खांद्याला धरून उचललेलं थर्मल स्वतःच्याच भाराने लांब होतं. त्यापेक्षा कपडा टबाच्या एका कडेला सरकवा, मळकं पाणी ओतून टाका, कपड्याला तिथेच हलक्या हाताने दाबा, परत तेवढ्याच तापमानाचं स्वच्छ पाणी भरा, दाबा-सोडा, ओता. नळाची धार थेट कापडावर सोडू नका. दोन-तीन पाण्यांत फेस जातो. बोटांना बुळबुळीत लागायचं थांबलं की झालं. तुमच्याकडचं पाणी जड असेल तर शेवटच्या पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर टाकलेलं चांगलं, राहिलेला साबणाचा अंश निघून जातो, आणि वाळल्यावर त्याचा वास राहत नाही.

पायरी ६: मशीनमध्ये टाकायचं असेल तर

लेबल परवानगी देत असेल तरच. कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीत थर्मल घाला, पिशवी खचाखच भरू नका. मशीनवर वूल किंवा लोकरीच्या गुंड्याचं चित्र असलेली सायकल निवडा, या सायकलमध्ये ड्रम सलग फिरत नाही, हळू हळू झुलतो आणि मधे थांबतो. तापमान ३० किंवा थंड. स्पिन ६०० आरपीएम (म्हणजे मिनिटाला ६०० फेरे), फार तर ८००. मशीन अर्ध्याहून कमी भरलेलं असू द्या, आणि सोबत जीन्स, टॉवेल, हूक किंवा वेल्क्रो असलेलं काहीही नको, वेल्क्रोचा एक तुकडा एका धुण्यात मेरिनोचा पृष्ठभाग पार खराब करून ठेवतो.

ज्या टॉप लोड मशीनमध्ये मधोमध उभा दांडा असतो त्यात मी सुपरवॉश थर्मलही टाकायला सांगणार नाही. बाह्या त्या दांड्याला गुंडाळल्या जातात आणि ओढल्या जातात. अशा मशीनचा वापर फक्त शेवटच्या हलक्या स्पिनसाठी करा. डेलिकेट सायकल आणि वूल सायकल एकच समजू नका, काही मशीनमध्ये डेलिकेटला पाणी जास्त गरम असतं आणि फिरणंही जास्त, म्हणून मॅन्युअल एकदा उघडून बघा. आणि सायकल संपली की लगेच बाहेर काढा, ओला गोळा ड्रममध्ये रात्रभर राहिला की कुबट वास धरतो आणि मग परत धुवावं लागतं.

पायरी ७: पाणी काढणं

पिळायचं नाही. एकदा पण नाही. पिळलं की तंतूंवर पीळ पडतो, शिवणी तिरक्या होतात, आणि बाह्यांचा आकार परत सरळ होत नाही.

दोन्ही तळहात खालून घालून थर्मल एका गोळ्यासारखं उचला, टबाच्या कडेला धरून दाबा, पाणी निथळू द्या. मग एक मोठा कोरडा टॉवेल जमिनीवर किंवा पलंगावर पसरा, त्यावर थर्मल त्याच्या मूळ आकारात ठेवा, बाह्या नीट सरळ. आता टॉवेल एका टोकापासून गुंडाळत या, थर्मल आतच, चांगली घट्ट गुंडाळी करा. या गुंडाळीवर हातांनी किंवा गुडघ्यांनी जोर देत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत जा. इथे जोर दिलेला चालतो, कारण कापड फक्त दाबलं जातंय, एकमेकांवर घासलं जात नाहीये. गुंडाळी उलगडली की टॉवेलवर थर्मलचा अख्खा ओला ठसा उमटलेला दिसेल, बाह्यांसकट. जाड थर्मल असेल तर दुसऱ्या कोरड्या टॉवेलमध्ये परत एकदा. हे नीट केलं तर वाळायचा वेळ जवळजवळ अर्ध्यावर येतो.

मशीनचा हलका स्पिनही याच कारणाने चालतो, स्पिनमध्ये कपडा ड्रमच्या भिंतीला चिकटून बसतो, आपटत नाही. हाताने धुतलेलं थर्मल जाळीत घालून एक-दोन मिनिटं ६०० वर स्पिन केलं तर ते हाताने पिळण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

पायरी ८: वाळवणं

सपाट पसरून, सावलीत, खेळत्या हवेत. बस.

जाळीचा आडवा स्टँड असेल तर उत्तम, नसेल तर कपडे वाळवायच्या घडीच्या स्टँडच्या चार-पाच दांड्यांवर आडवं पसरा, तेही नसेल तर कोरड्या टॉवेलवर. पसरताना हीच वेळ आहे आकार नीट करायची, ओल्या लोकरीला जो आकार द्याल तोच ती वाळल्यावर धरते. खांदे सरळ, बाह्यांची लांबी सारखी, खालची पट्टी दुमडलेली नाही ना, गळा पसरलेला नाही ना, हे हाताने हळूच नीट करा. टॉवेलवर ठेवलं असेल तर काही तासांनी उलटा आणि टॉवेल बदला. पातळ थर्मल कोरड्या हवेत एका रात्रीत वाळतं, जाडला जास्त वेळ लागतो आणि दमट हवेत तर दोन दिवसही, मग पंखा लावा. पंख्याच्या हवेने लोकरीला काहीही होत नाही.

हँगरला अडकवू नका, खांद्यावर उंचवटे येतात आणि अंग लांब होतं, सुपरवॉश लोकर तर यात जास्तच लांब होते. दोरीवर चिमट्यांनीही नको. जागाच नसेल तर पातळ थर्मल टॉवेलने चांगलं सुकवून दांडीवर कमरेतून मधोमध दुमडून टाकलं तर चालून जातं.

कडक ऊन टाळा. ऊन लागलं म्हणजे जंतू मरतात असं आपण म्हणतो आणि सुती कपड्यांसाठी ते ठीक आहे, पण अतिनील किरणांनी लोकरीतलं प्रोटीन बिघडतं, पांढरी लोकर पिवळी पडते, रंगीत लोकर विटते आणि तंतू ठिसूळ होतो. हीटरवर, रेडिएटरवर, शेकोटीजवळ तर बिलकूल नको, कडा वाळून कडक होतात आणि मध्य ओलाच राहतो. ड्रायरमध्ये उष्णता, ओल आणि आपटणं हे तिन्ही एकत्र येतं, म्हणजे लोकर आटवायची अगदी शिस्तीत केलेली व्यवस्था. लेबलवर स्पष्ट परवानगी असेल तरच, सगळ्यात कमी उष्णतेवर, आणि थोडं दमट असतानाच बाहेर काढा.

ओल्या लोकरीला एक जनावरासारखा वास येतो, तो वाळला की जातो, त्यासाठी परत धुवू नका. इस्त्री सहसा लागत नाही, लागलीच तर उलट्या बाजूने, कमी उष्णतेवर, मधे ओलं पातळ सुती कापड ठेवून वरून टेकवायची, सरकवायची नाही.

ट्रेकवर असाल तर

दोन थर्मल ठेवा, एक चालायला आणि एक फक्त झोपायला, झोपायचं कोरडंच राहिलं पाहिजे, यात तडजोड नको. चालायचं रोज रात्री हवेला लावा. धुवायचंच असेल तर वॉटरप्रूफ पिशवीत पाणी आणि लिक्विडचे दोन थेंब टाकून पिशवी हळू हळू कलंडत ठेवा, आणि साबणाचं पाणी ओढ्या-तळ्यापासून निदान ६० मीटर लांब जमिनीवर ओता. पाणी काढायला छोटा ट्रेकिंगचा टॉवेल पुरतो. किंचित दमट राहिलेलं पातळ थर्मल निवाऱ्यात असताना अंगावर घालून वाळवता येतं, पण आधीच थंडी वाजत असेल तर हे करू नका, ते वाळवायला लागणारी सगळी उष्णता तुमच्या अंगातून जाते.

आटलंच तर

कापड ताणून उजेडासमोर धरा. विणीचे टाके वेगवेगळे दिसत असतील आणि कापड अजून लवचिक असेल तर ते फक्त आखडलंय, ते थोडंफार परत येतं. कोमट पाण्यात केसांचा कंडिशनर मिसळा, अर्धा तास भिजवा, टॉवेलमध्ये दाबा, आणि मग सपाट ठेवून थोडं थोडं करत सगळीकडून सारखं ताणा, कडांना टाचण्या लावून तसंच वाळू द्या. टाके दिसेनासे झाले असतील, कापड जाड आणि नमद्यासारखं झालं असेल तर तंतू कायमचे गुंतलेत, त्यावर कुठलाही उपाय नाही, इंटरनेटवर काहीही सांगोत. अशा कापडाचे शूजच्या आतले पातळ तळवे मात्र फार उबदार होतात.

गोळे आले तर ती कापड खराब असल्याची खूण नाही, सुटी बारीक टोकं घासून गुंडाळली जातात, बॅगेच्या पट्ट्यांखाली सगळ्यात जास्त. लोकरीची कंगवी किंवा गोळे काढायचं छोटं मशीन हलक्या हाताने फिरवा, बोटांनी ओढून काढू नका, त्यासोबत चांगले तंतूही निघून येतात.

सीझन संपल्यावर ठेवताना

धुतल्याशिवाय ठेवू नका. लोकर खाणारी कसर म्हणजे एका छोट्या पतंगाची अळी, मोठा पतंग काहीच खात नाही, अळी खाते, आणि केराटिन पचवणाऱ्या मोजक्या किड्यांपैकी ती एक आहे. घामाचे, तेलाचे डाग असलेला भाग तिला आधी आवडतो म्हणून भोकं नेमकी मानेजवळ आणि काखेत पडतात. पूर्ण वाळलेलं थर्मल घडी घालून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. जरा जरी दमट असताना बंद केलंत तर बुरशीचा वास धरेल म्हणून वाळल्यावरही एक दिवस बाहेर राहू द्या आणि मगच भरा. मधूनमधून काढून झटका, उजेडात उलटसुलट करून बघा, या अळीला अंधार आणि शांतता लागते.

कसर लागल्याचा संशय आला, म्हणजे बारीक भोकं किंवा रेशमासारखे धागे दिसले, तर थर्मल हवा काढलेल्या बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर पूर्ण दोन आठवडे ठेवा. एक-दोन दिवसांत काढू नका, अंडी तग धरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं कापड खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार लोकरीवर हवेतली वाफ धरते आणि सगळं ओलं होतं. मग घराबाहेर नेऊन झटका, हाताने धुवा, आणि ते वाळेपर्यंत कपाटाचा तो कप्पा व्हॅक्यूमने कोपऱ्यांसकट साफ करून घ्या.